दहावीच्या सराव परीक्षेसाठी विषयतज्ज्ञ कसे निवडावेत आणि कसे टिकवावेत

बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील, तसेच बिदर जिल्ह्यातील भालकी-औराद भागातील मराठी माध्यमाच्या अनेक शाळा शासनाच्या पूर्वतयारी परीक्षेव्यतिरिक्त दहावीच्या मुलांची स्वतंत्र सराव परीक्षा घेतात. कुठे एकच शाळा ती घेते, तर कुठे तालुक्यातील मुख्याध्यापक एकत्र येऊन सर्व शाळांसाठी एकच प्रश्नपत्रिका काढतात. या परीक्षेत मिळालेल्या गुणांवरून मूल कोणत्या विषयात कच्चे आहे हे ठरते, जादा तास कोणासाठी घ्यायचे हे ठरते आणि घरची माणसे पुढच्या शिक्षणाची स्वप्नेही त्याच आकड्यांवर बांधू लागतात. त्यामुळे हे गुण खरे असणे अत्यंत गरजेचे आहे, आणि ते खरे राहावेत यासाठी प्रश्नपत्रिका काढणारे, ती तपासून पाहणारे व उत्तरपत्रिकांना गुण देणारे विषयतज्ज्ञ विचारपूर्वक निवडावे लागतात. ही निवड कशी करावी, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

गुण सैल झाले म्हणजे काय होते, हे आपल्या कर्नाटक राज्याने अलीकडेच पाहिले आहे. २०२३ साली एसएसएलसीचा, म्हणजे मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा, राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांतील वर्गखोल्यांवर वेबकास्टिंगद्वारे, म्हणजे कॅमेऱ्यांच्या थेट चित्रणातून, लक्ष ठेवण्यात आले आणि त्या वर्षीच्या परीक्षा-१ चा, म्हणजे वर्षातील पहिल्या परीक्षेचा, निकाल, सवलतीच्या गुणांचे प्रमाण वाढवूनसुद्धा, ७३.४० टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलांची बुद्धी कमी झाली नव्हती. मोजण्याची रीत कडक झाली होती. ज्या शाळांच्या सराव परीक्षेतील गुण आधीपासून खरे असतात, त्या शाळांतील मुलांना असा धक्का बसत नाही, आणि आपल्या सीमाभागातील मराठी शाळांना तर आपल्या निकालावर कोणी बोट ठेवू नये याची काळजी इतरांपेक्षा अधिक घ्यावी लागते.

आधी काम ठरवा, मग माणूस

बहुतेक ठिकाणी उलटे घडते. ‘गणिताला अमुक सर आहेतच’ असे म्हणून नाव आधी ठरते आणि त्या सरांनी नेमके काय करायचे हे डिसेंबर उजाडला तरी ठरलेले नसते. वास्तविक यात तीन निरनिराळी कामे आहेत आणि ती तीन निरनिराळ्या स्वभावांची माणसे मागतात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला अभ्यासक्रम कोळून प्यालेला असावा लागतो आणि जुन्याच प्रश्नांत आकडे बदलून न देता नवा प्रश्न सुचावा लागतो. प्रश्नपत्रिका तपासणाऱ्याला, म्हणजे जो ती छापण्याआधी वाचून दोष काढतो त्याला, चिकित्सक नजर आणि सहकाऱ्याला स्पष्ट सांगण्याचे धैर्य लागते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाला मात्र सर्वांत जास्त गरज असते ती सातत्याची: सकाळच्या पहिल्या पेपराला आणि संध्याकाळच्या शेवटच्या पेपराला त्याचा हात सारखाच चालला पाहिजे. परीक्षकांच्या वर एक नियामक असावा, जो प्रत्येक गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासेल.

प्रश्नपत्रिका काढणारा आणि तपासणारा एकाच शाळेतील कधीही नसावा. हा नियम लिहून ठेवावा व त्याला अपवाद करू नये. एकाच स्टाफरूममध्ये बसणारी माणसे एकमेकांना दुखवत नाहीत, आणि इथे तर दोष काढण्यासाठीच माणूस नेमलेला असतो.

प्रत्येक विषयासाठी कामाचे एक पान तयार करावे. प्रथम भाषा मराठीचा लेखी पेपर १०० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन २५ गुणांचे. इतर पाच विषयांना प्रत्येकी ८० आणि २०. सारे मिळून ६२५. कर्नाटक शालेय परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळ नमुना प्रश्नपत्रिका व ब्ल्यूप्रिंट, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा गुणनिहाय आराखडा, प्रसिद्ध करते. तेच आपल्या तज्ज्ञाच्या हाती द्यावे आणि त्याने किती दिवसांत काय द्यायचे, उत्तरतालिका व गुणविभागणी त्यात धरली आहे की नाही, हे त्याच पानावर स्पष्ट करावे.

माणसे कोठे शोधावीत

पहिली नजर अर्थातच तालुक्यातील दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांकडे जाते आणि ते योग्यच आहे. परंतु सीमाभागात मराठी माध्यमाचे, विशेषतः गणित-विज्ञानाचे, कायम शिक्षक कमी होत चालले आहेत आणि पुष्कळ शाळा अतिथी शिक्षकांच्या भरवशावर चालतात. अतिथी शिक्षकांना ‘ते कायम नाहीत’ म्हणून या कामातून वगळण्याची जी सवय लागली आहे, ती मला अन्यायाची आणि नुकसानीचीही वाटते. त्यांच्यातील अनेकजण चार-पाच वर्षे दहावीचाच वर्ग घेत आहेत. त्यांना पहिल्या वर्षी एखाद्या अनुभवी परीक्षकाच्या जोडीला बसवावे. दुसऱ्या वर्षी ते स्वतंत्रपणे काम करू शकतात.

निवृत्त शिक्षक हा दुसरा मोठा आधार आहे. त्यांच्याकडे वेळ असतो, अनुभव असतो, आणि मराठी शाळांविषयी मनापासून तळमळ असते. मात्र त्यांनी ज्या पुस्तकातून शिकवले ते पुस्तक आज चालू आहे का, हे पाहावेच लागते. आज आपल्याकडे गणित आणि विज्ञानाला एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकांचा मराठी अनुवाद आहे. ज्यांनी त्याआधीच निवृत्ती घेतली त्यांना नवे पुस्तक हातात देऊन महिनाभर वाचायला सांगावे आणि मगच काम द्यावे.

पदवीपूर्व महाविद्यालयांतील, म्हणजे पीयूसीचे, प्राध्यापक हा तिसरा स्रोत, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आपली मुले दहावीनंतर जूनमध्ये त्यांच्यासमोर जाऊन बसतात. मराठी माध्यमातून आलेले मूल अकरावीच्या विज्ञानात कोठे अडखळते, कोणती संकल्पना त्याने नुसती पाठ केली होती, हे त्यांच्याइतके कोणालाच दिसत नाही. ते उत्तरपत्रिका तपासायला सहसा तयार होत नाहीत, पण प्रश्नपत्रिका वाचून ‘हा प्रश्न पाठांतराचा आहे, हा समजुतीचा’ एवढे सांगायला एक दुपार ते आनंदाने देतात.

बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे असून दोन्हीकडे डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहेत. तेथील अधिव्याख्यात्यांना प्रश्नरचनेचे प्रशिक्षण देण्याची सवय असते, म्हणून उजळणी वर्गासाठी त्यांना बोलवावे.

सीमेपलीकडच्या तज्ज्ञांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ‘कोल्हापूरहून तज्ज्ञ बोलावू’ हे पटकन सुचते आणि अंतरही काही नसते. निपाणीच्या मुलांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतच आहे. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल येथे मराठीतून विज्ञान आणि गणित शिकवणारे उत्तम शिक्षक आहेत, आणि मराठी भाषेच्या पेपरासाठी तर त्यांची मदत फार मोलाची ठरते. परंतु महाराष्ट्र मंडळाच्या दहावीला गणिताचे दोन भाग, ४०-४० गुणांचे दोन पेपर. आपल्याकडे ८० गुणांचा एकच पेपर. तिकडे विज्ञानाचेही दोन भाग. धड्यांचा क्रम वेगळा, प्रश्नांची धाटणी वेगळी. तिकडच्या शिक्षकाने आपल्या सवयीने काढलेली प्रश्नपत्रिका कितीही सुंदर असली तरी ती आपल्या मुलांना चुकीच्या परीक्षेसाठी तयार करते. म्हणून सीमेपलीकडच्या तज्ज्ञाला प्रश्नपत्रिका काढायला न सांगता ती तपासायला सांगावे, आणि त्यासोबत आपले पाठ्यपुस्तक व मंडळाच्या मागील तीन परीक्षांच्या प्रश्नपत्रिका द्याव्यात. २०२४ आणि २०२५ मध्ये मंडळाने वर्षात तीन-तीन परीक्षा घेतल्या, त्यामुळे नमुन्यांना तोटा नाही.

कन्नड विषयाच्या तज्ज्ञाबाबत एक विशेष काळजी घ्यावी. कन्नड माध्यमाच्या शाळेत प्रथम भाषा शिकवणारे शिक्षक सहज मिळतात आणि विद्वानही असतात. पण मराठी घरातील, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकणाऱ्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची हा अंदाज त्यांना असतोच असे नाही. ज्यांनी मराठी शाळेत किमान काही वर्षे कन्नड शिकवले आहे, अशांनाच प्राधान्य द्यावे.

विचारणा कशी करावी

विचारणा जूनअखेर किंवा जुलैमध्ये व्हावी. ऑगस्ट-सप्टेंबरात गणेशोत्सव, ऑक्टोबरात दसऱ्याची सुटी, त्यानंतर सहली आणि स्नेहसंमेलने. डिसेंबरात विचारले तर होकार देणारा माणूस केवळ भिडेने होकार देतो. शिवाय फोनवर ‘सर, थोडी मदत लागेल’ असे मोघम बोलू नये. किती काम, किती दिवस, किती मानधन, हे पत्रात आले पाहिजे. पत्राचा नमुना असा असू शकतो:

‘आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळांची दहावीची सामायिक सराव परीक्षा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होणार आहे. आपण गेली अनेक वर्षे समाजविज्ञान शिकवत आहात. या विषयाच्या प्रश्नपत्रिकेची छपाईपूर्व तपासणी आपण करावी, अशी विनंती आहे. काम असे: नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन ते पाच एक बैठक, त्यानंतर घरी प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका वाचून आठ दिवसांत लेखी अभिप्राय, आवश्यक असल्यास आणखी एक बैठक. प्रवासखर्च व मानधन बैठकीच्या दिवशीच दिले जाईल. आपले पाल्य या वर्षी दहावीत असल्यास किंवा आपण खासगी शिकवणी घेत असल्यास कृपया कळवावे. त्या स्थितीत वेगळे काम सुचवता येईल. आपला होकार किंवा नकार पंधरा दिवसांत कळल्यास पुढील व्यवस्था करणे सोपे जाईल.’

नकार देण्याची वाट मोकळी ठेवणे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे आदरापोटी कोणी तोंडावर नाही म्हणत नाही आणि मग काम रखडते. पत्रातच ‘नकार कळवावा’ असे लिहिले की माणसे मोकळेपणाने उत्तर देतात.

बैठकीसाठी शनिवारची दुपार उत्तम, कारण शनिवारी सकाळची शाळा असते. मात्र कणकुंबी, जांबोटी किंवा खानापूर तालुक्याच्या आतल्या गावांतून येणाऱ्या शिक्षकांना परतीची बस मिळेल अशा वेळेत बैठक संपवावी. पावसाळ्यात तर पश्चिमेकडील गावांतील शिक्षकांना बेळगावात बोलावण्यापेक्षा खानापुरातच बसावे. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच तज्ज्ञांची यादी वर्षानुवर्षे शहरातील त्याच त्या नावांपुरती राहते आणि शिक्षिकांची संख्या कमी दिसते.

परीक्षकाची परीक्षा

निवडीचा गाभा येथे आहे, म्हणून येथे घाई करू नये. पदवी, वर्षांचा अनुभव, पुरस्कार यांवरून माणूस विषय जाणतो एवढे कळते. तो गुण कसे देतो हे कळत नाही. १९१३ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला दिली होती. शंभरपैकी तीसपेक्षा कमी गुण देणारेही त्यांत निघाले आणि नव्वदपेक्षा जास्त देणारेही. गणितासारख्या विषयात, जिथे उत्तर एक तर बरोबर नाहीतर चूक असे आपण समजतो, तिथे हे घडले. शिक्षक अज्ञानी नव्हते. प्रत्येकाने आपापल्या मनातील मापाने मोजले होते.

म्हणून परीक्षक म्हणून नाव नक्की करण्याआधी उमेदवाराला मागील वर्षीच्या काही उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती द्याव्यात. मुलाचे नाव, शाळेचे नाव आणि आधीचे गुण पूर्ण झाकलेले असावेत. या उत्तरपत्रिकांना अनुभवी नियामकांनी आपसांत चर्चा करून दिलेले मान्य गुण समितीकडे असतात. दोन्हींची तुलना करावी.

उदाहरणादाखल, ८० गुणांच्या पाच उत्तरपत्रिकांचे मान्य गुण ६२, ५१, ४४, ३७ आणि २६ आहेत असे धरू. पहिल्या उमेदवाराने दिले ५९, ४८, ४०, ३४ आणि २३. दुसऱ्याने दिले ६६, ४५, ४७, ३१ आणि ३१. वरवर पाहणारा म्हणेल की पहिले गृहस्थ फार कडक आहेत, पाचही पेपरांत मिळून सोळा गुण त्यांनी कमी दिले. आणि दुसऱ्यांची बेरीज तर मान्य गुणांच्या बेरजेइतकीच येते, म्हणून दुसरेच बरे. प्रत्यक्षात घ्यावे ते पहिल्यांनाच. त्यांचा हात तीन-चार गुणांनी आखडता आहे, पण प्रत्येक पेपराला तितकाच आखडता आहे. उत्तरतालिकेतील कोणत्या मुद्द्यावर ते अडून बसतात हे शोधले की एका बैठकीत ते जुळतात. दुसऱ्या उमेदवाराने मात्र ३७ गुणांच्या आणि २६ गुणांच्या मुलाला एकाच पायरीवर आणून बसवले आहे. या दोघांपैकी कोणाला जादा तासांची गरज आहे, हे त्या गुणांवरून कोणालाही सांगता येणार नाही. अशा उमेदवाराला सन्मानाने दुसरे काम द्यावे, उदाहरणार्थ प्रश्नसंग्रहासाठी प्रश्न लिहिण्याचे, पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा देऊ नये.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची पारख वेगळी. त्याला एकाच धड्यावर तीन प्रश्न काढायला सांगावे: एक आठवणीवर उत्तर देता येईल असा, एक समजून घेतल्याशिवाय देता न येणारा आणि एक शिकलेले नव्या ठिकाणी वापरायला लावणारा. सोबत तिन्हींची गुणविभागणी मागावी. तिसरा प्रश्न पाठ्यपुस्तकातून उचललेला असेल, तर तो नवा राहिलेला नसतो. इतिहासाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसून येते. कित्तूरचा १८२४ चा लढा किंवा संगोळ्ळी रायण्णा यांचे कार्य आपल्याच जिल्ह्यातील असल्यामुळे जाणकार शिक्षकाकडे पुस्तकापेक्षा पुष्कळ अधिक माहिती असते आणि ती प्रश्नात उतरवण्याचा मोह होतो. वर्गात ती जरूर सांगावी; प्रश्न मात्र सर्व शाळांतील मुलांना मिळालेल्या पुस्तकावरच उभा राहिला पाहिजे.

एकत्र बसून माप जुळवणे

निवड झाली म्हणजे काम संपले असे नाही. गठ्ठे वाटण्याआधी प्रत्येक विषयाच्या परीक्षकांनी अर्धा दिवस एकत्र बसणे अनिवार्य ठेवावे, आणि जो बैठकीला येणार नाही त्याला गठ्ठा मिळणार नाही हे पत्रातच सांगावे. या बैठकीत नेमके काय होते, ते एका प्रश्नावरून पाहू.

प्रश्न असा: मनोऱ्याच्या पायथ्यापासून ३० मीटर अंतरावरील बिंदूतून मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन ३० अंश आहे, तर मनोऱ्याची उंची काढा, गुण तीन. उत्तरतालिकेत आकृतीला एक, योग्य गुणोत्तर मांडण्याला एक आणि १० गुणिले तीनचे वर्गमूळ इतके मीटर या उत्तराला एक, अशी विभागणी आहे. आता खऱ्या उत्तरपत्रिका समोर येतात. एका मुलीने आकृती काढलीच नाही, पण टॅन ३० अंश लिहून उत्तर अचूक काढले. एका मुलाने आकृती सुरेख काढली, पण टॅनऐवजी साइन घेतले आणि पुढचे सर्व आकडेमोड बिनचूक केले. तिसऱ्याने उत्तर १७.३२ मीटर असे दशांशात लिहिले. चौथ्याने आकृतीत कोन मनोऱ्याच्या टोकाशी दाखवला, तरी गुणोत्तर योग्य मांडले. आठ परीक्षक असतील तर दुसऱ्या मुलाला एक गुण द्यावा की दोन, यावर दोन गट पडतात आणि दोन्ही गटांची बाजू ऐकण्यासारखी असते. समितीने त्या क्षणी एक निर्णय घ्यावा, कारणासह उत्तरतालिकेत लिहून टाकावा आणि सर्वांनी तो पाळावा. निर्णय शंभर टक्के आपल्या मनासारखा असण्यापेक्षा तो सर्व शाळांत सारखा असणे मुलांच्या हिताचे आहे. मंडळ स्वतःच्या परीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध करते, तीत अशा पर्यायी उत्तरांना गुण कसे दिले आहेत हे आधी पाहून घ्यावे, म्हणजे निम्मे वाद उरत नाहीत.

भाषेच्या पेपरात निबंध आणि पत्रलेखन यांसाठी असे मुद्दे पाडून भागत नाही. तेथे दोन निबंध शेजारी ठेवून ‘यांतला सरस कोणता’ एवढेच विचारावे, पुन्हा दुसरी जोडी घ्यावी, आणि अशा अनेक जोड्यांतून क्रम लावावा. अशा जोडीने केलेल्या निवाड्यांतून माप कसे उभे राहते याची गणिती मांडणी लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्येच केली होती. एका निबंधाला दहापैकी किती द्यावेत यावर मराठीच्या शिक्षकांचे एकमत क्वचितच होते, पण दोहोंपैकी चांगला कोणता यावर ते सहसा लवकर होते. हा अनुभव एकदा घेतला की भाषाशिक्षक या पद्धतीचे आग्रही समर्थक बनतात.

प्रश्नपत्रिका गेल्या वर्षीपेक्षा अवघड झाली की सोपी, हे जोखण्यासाठी विल्यम अँगॉफ यांच्या नावाने १९७१ पासून ओळखली जाणारी एक रीत उपयोगी पडते. प्रत्येक तज्ज्ञाने जेमतेम उत्तीर्ण होऊ शकेल असे दहा मुलांचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे आणि प्रत्येक प्रश्नाला त्या दहांपैकी कितीजण योग्य उत्तर देतील हे एकमेकांशी न बोलता लिहायचे. मग आकडे उघड करायचे. एकाने आठ आणि दुसऱ्याने दोन लिहिले असेल त्या प्रश्नावरच चर्चा करायची. बहुधा तो प्रश्न एका शाळेत घोकून घेतलेला आणि दुसऱ्या शाळेत अजून शिकवलाच नाही असा निघतो. चर्चेनंतरच्या अंदाजांची बेरीज दरवर्षी नोंदवून ठेवली की दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची तुलना करायला काहीतरी ठोस हाती राहते.

कोणाला नेमू नये

ज्यांचे मूल किंवा घरातील कोणी त्या वर्षी दहावीला आहे, जे दहावीचे क्लासेस चालवतात, किंवा ज्यांचे नाव बाजारातील अपेक्षित प्रश्नसंचांवर छापले जाते, त्यांना प्रश्नपत्रिकेच्या जवळपासही आणू नये. यात कोणाच्या सचोटीवर संशय घेण्याचा प्रश्न नाही; पेपर फुटल्याची नुसती कुजबूज झाली तरी वर्षभराचे काम वाया जाते. परीक्षकाला स्वतःच्या शाळेचा गठ्ठा देऊ नये. तसेच जे शिक्षक मंडळाच्या व्हॅल्युएशनला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीला, जातात, त्यांच्याकडून तेथील गोपनीय गोष्टी काढून घेण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यांचा अनुभव आपल्याला हवा आहे, गुपिते नकोत.

परवानगी आणि मानधन

सरकारी आणि अनुदानित शाळांतील शिक्षकांसाठी मुख्याध्यापकांची व संस्थेची लेखी संमती घ्यावी आणि क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालयाला कामाचे स्वरूप कळवावे; शिक्षकावर नंतर खुलासे देण्याची वेळ येऊ नये. मानधनाची रक्कम लहान असली तरी ती ठरलेली, सर्वांना सारखी आणि वेळेवर दिलेली असावी. ‘मराठीसाठी करताय, पैशांचे काय’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि ते ऐकून दरवेळी वाईट वाटते. येथील शिक्षक मराठीसाठी जे करतात ते करतच राहतील; पण त्यांच्या निष्ठेचा हिशेब धरून समितीने बसभाडेसुद्धा टाळावे, हे शोभत नाही. मानधनासाठी निधी कमी पडत असेल तर प्रत्येक शाळेकडून विद्यार्थीसंख्येनुसार आधीच वर्गणी घ्यावी आणि खर्चाचा तक्ता सर्व मुख्याध्यापकांना पाठवावा.

अंतर्गत गुणांकडेही पाहावे

लेखी पेपराइतकेच लक्ष अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांकडे द्यावे लागते. वर्गातील सर्व मुलांना वीसपैकी एकोणीस मिळत असतील, तर त्या गुणांनी कोणाविषयी काहीच सांगितले नाही असे होते. ज्या तज्ज्ञांना वेळ आहे त्यांच्यापैकी एक-दोघांनी वर्षातून एकदा दुसऱ्या शाळेत जाऊन प्रकल्पवह्या आणि रचनात्मक मूल्यमापनाच्या नोंदी पाहाव्यात. ही तपासणी नव्हे, हे शाळेला आधी स्पष्ट सांगावे. वरच्या, मधल्या आणि खालच्या गुणांच्या दोन-दोन वह्या मागाव्यात, त्यांतील फरक गुणांत दिसतो का एवढेच पाहावे आणि अभिप्राय फक्त त्या विषयाच्या शिक्षकाला द्यावा. अभिप्राय व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला की पुढच्या वर्षी त्या शाळेचे दार बंद झालेच म्हणून समजावे.

यादी जिवंत ठेवणे

दरवर्षी प्रत्येक विषयात किमान एक नवे नाव यावे आणि जुन्यांपैकी एकाने विश्रांती घ्यावी. मात्र सगळी मंडळी एकदम बदलू नयेत, नाहीतर मागच्या वर्षीचे माप कोणाच्याच हाती राहत नाही. तज्ज्ञाला त्याच्या कामाचा लेखी अभिप्राय मिळाला पाहिजे. नियामकाने पुन्हा तपासलेल्या पेपरांत किती फरक आढळला, कोणत्या प्रश्नांत आढळला, हे त्याला खासगीत कळवावे. चांगले काम झाले असेल तर त्याच्या मुख्याध्यापकांना आभाराचे पत्र पाठवावे, कारण सेवापुस्तिकेत नोंद झाली नाही तरी असे पत्र शिक्षक जपून ठेवतो.

परीक्षा संपल्यावर प्रत्येक विषयाच्या आठ-दहा उत्तरपत्रिका निवडून, नावे झाकून, मान्य गुण आणि ते देण्यामागची कारणे यांसह स्वतंत्र फाईलमध्ये ठेवाव्यात. पुढच्या वर्षी उमेदवारांची पारख याच उत्तरपत्रिकांवर होईल, आणि बैठकीच्या सुरुवातीला जुन्या-नव्या परीक्षकांनी त्यांतील दोन-तीन पुन्हा तपासून पाहिल्या की हात सैल झाला आहे का, हे लगेच दिसेल. ही फाईल, अंदाजांच्या बेरजेची नोंदवही आणि तज्ज्ञांची यादी मार्चमध्ये एसएसएलसी परीक्षा सुरू होण्यापूर्वीच पुढील वर्षाच्या संयोजकाकडे सोपवावी, कारण एप्रिलमध्ये निम्मे शिक्षक व्हॅल्युएशनला गेलेले असतात आणि मे महिन्याच्या सुटीत कोणाचाच ठावठिकाणा नसतो.